मी सांगितलं होतं

गोवंडीत आमच्या गच्चीवरून विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसतात. क्वचित एखादं बरंच खाली येऊन परत वर निघून जातं. शाळेत असताना आम्ही पोरं हसायचो, 'पायलट नवीन आहे वाटतं!' खरं तर साधारण हजार फुटांवर आल्यावर वेग, खाली येण्याचा दर, चाकं, फ्लॅप्स यातलं काहीही ठरल्याप्रमाणे नसेल, तर इंजिनांना जोर देऊन परत वर जायचं, असा नियमच आहे. गो-अराउंड म्हणतात त्याला.

७ ऑगस्ट २०२०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर उतरत होतं. तुफान पाऊस. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, टेस्ट पायलट राहिलेले. एक प्रयत्न सोडून ते वर गेलेही होते. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने आले, वारा पाठीमागून. २७०० मीटरची धावपट्टी जवळपास निम्मी संपल्यावर विमान टेकलं आणि पुढे दरीत गेलं. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कॅप्टनच्या शौर्याचे फॉरवर्ड फिरत होते. वर्षभराने चौकशी अहवाल आला. दुसऱ्या दिवशी सकाळी याच कॅप्टनना तिथून दोहाला विमान न्यायचं होतं आणि तिथे कॅप्टन पुरेसे नव्हते, हे त्यात आहे. सहवैमानिक 'गो-अराउंड' म्हणाला होता, हेही आहे. कॅप्टननी ते मानलं नाही. पण अहवाल सहवैमानिकालाही सोडत नाही: त्याने कंट्रोल स्वतःकडे घ्यायला हवे होते.

हे वाचून आधी राग आला. सांगितलं ना त्याने? एवढ्या अनुभवी माणसाच्या हातातून काही सेकंदांत विमान काढून घ्यायचं? आपण तर 'सर' म्हटल्याशिवाय मेसेज सुरू करत नाही.

मग माझी ती रिलीजची रात्र आठवली. टेस्ट दोनदा फेल झाली होती. मी ग्रुपवर लिहिलं, 'सर, उद्या करूया का?' उत्तर आलं, 'होईल रे, टाक.' बटण माझ्याच हातात होतं. मी दाबलं. काही लोकांचे पगार दोन दिवस अडकले. त्यात कुणाचं भाडं, कुणाचा हप्ता असणार. सहवैमानिकाकडे सेकंद होते, माझ्याकडे अख्खी रात्र होती. आणि बटण दाबण्याआधी मी काय केलं, तर माझ्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मीटिंगमध्ये तो दाखवला. सुटलो. फोनमध्ये अजून आहे तो.