ट्रंकेतली कागदं आणि घरची फाईल

उदगीर

चि. सौ. माईस,



मामंजी गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली आणि कागदं बघून परत झाकली, असं तू फोनवर म्हणालीस. वारसा लावायला मृत्यूचा दाखला लागतो, वंशावळ लागते, पहाणी म्हणजे शेताचा उतारा लागतो, आणि यातलं कुठलं कुठं आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं. नवऱ्याच्या घरच्या कागदांना सुनेनं कसा हात लावायचा, हा संकोच मनातून काढून टाक. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाईंचं नाव आहे, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात येतात, लेकराचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचं कार्ड, तुझ्या नावाचं आहे. घरातल्या बायकांना ही कागदं माहीत असलीच पाहिजेत. शाळेच्या कार्यालयात माझा जन्म गेला, म्हणून सांगते ते नीट ऐक.

आधी ट्रंकेतलं काहीही फाडू नको. तुझं गाव हुमनाबादच्या बाजूचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. तिथल्या जुन्या घराच्या ट्रंकेत तीन-चार लिप्या निघतात. १९४८ च्या आधीचा सरकारी कागद उर्दूत असतो. पणजोबांच्या हातचा हिशेब मोडीत असू शकतो. १ नोव्हेंबर १९५६ ला तुमचं बिदर म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासूनचं कानडी. आणि घरची पत्रं, पत्रिका, देवाधर्माच्या याद्या मराठीत. ज्याला वाचता येत नाही त्याला तो कागद रद्दी वाटतो, आणि आपल्याकडे रद्दी बंबात जाते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरं गोळा करत होते, म्हणून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापून निघाले. त्यांच्या हाती लागायच्या आधीच किती दप्तरं वाण्याच्या पुड्यांत गेली असतील! वाचता न येणारा प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात ठेव आणि वर पेन्सिलीनं एवढंच लिही: ‘उर्दू, वाचून घ्यायचा’. बिदरला उर्दू वाचणारी जाणती माणसं भरपूर आहेत. मोडी वाचणाराही शोधला की सापडतो.

त्या ट्रंकेत तुला एक गोष्ट दिसेल. सर्वांत जुना कागद पिवळट असला तरी मऊ आणि चिवट असेल, आणि त्याच्या नंतरचा, गिरणीतला कागद घडीवर तुटत असेल. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने उचललेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या होत आला आणि दौलताबादी कागद म्हणून दख्खनभर गेला. गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. लाकडातलं जे द्रव्य त्यात राहून जातं ते उजेडानं, हवेनं पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि कागद स्वतःलाच खातो. वर्तमानपत्र उन्हात ठेवून बघ, दोन दिवसांत कळेल. म्हणून खरेदीखत वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही. मामंजींनी गुंडाळलं असेल तर ते आजच काढ.

आता फाईल. बाजारात बऱ्याच तऱ्हा आहेत, पण तू दोन कड्यांची, पुठ्ठ्याची, रुंद पाठीची रिंग फाईल घे. कडी गोल असण्यापेक्षा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असेल तर जास्त चांगली, कारण कागद सरळ रांगेत बसतात आणि कडेला मुडपत नाहीत. १८८६ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडरिश झोएनेकेन यांनी अशी फाईल आणि कागदाला भोकं पाडणारा पंच आणला. आज दोन भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर असं ठरून गेलेलं आहे. त्यामुळे झेरॉक्सवाल्याच्या पंचनं पाडलेली भोकं तुझ्या फाईलला बसतात, आणि पुढे फाईल मोडली तरी कागद दुसरीत जसेच्या तसे जातात. शिवलेल्या वहीत मधेच पान घालता येत नाही, फाईलमध्ये घालता येतं. घरची कागदं वाढत जातात, म्हणून मला वहीपेक्षा फाईल बरी वाटते.

पण मूळ कागदाला पंच कधीच लावायचा नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, दहावीची मार्क्स मेमो, जातीचा दाखला, यांना भोक नाही, टाचणी नाही, स्टेपल नाही. स्टेपल पावसाळ्यात गंजते आणि गंज कागद खातो. भोकं पाडायची ती पाकिटाला. मूळ कागद पाकिटात, त्याच्या पुढे झेरॉक्स. लागेल तेव्हा झेरॉक्स काढून न्यायची, मूळ घराबाहेर पडायचं नाही. आणि लॅमिनेशन! गावोगावी लोक दाखले प्लास्टिकमध्ये शिजवून घेतात आणि कागद सुरक्षित झाला म्हणून खूश होतात. त्यावर पुढे शिक्का बसत नाही, सही होत नाही, आणि ते प्लास्टिक सोलायला गेलं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघतात. तुझ्या घरात ते होऊ देऊ नको. प्लास्टिकची तयार पाकिटं घेतलीस तर वास येणारी, चिकट, मऊ घेऊ नको. झेरॉक्सची शाई त्यांना चिकटून बसते.

त्यापेक्षा पाकिटं घरी कर. हे काम तुझ्या लेकीला बरोबर घेऊन करायचं, सुट्टी आहेच. पाकिटासाठी कागद चिंध्यांचा मिळाला तर उत्तम. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेनं सुरू झालेल्या हातकागद संस्थेत अजून कापडाच्या कात्रणांपासून कागद होतो. जाडसर पानांचा एक गठ्ठा मी आणवून ठेवते, जावईबापू इकडे आले की देते. फक्त मूळ कागदांची पाकिटं त्याची करायची. पान आडवं धरून मधोमध घडी घाल, खालची आणि एका बाजूची कड बोटभर दुमडून चिकटव, पाठीकडे दोन बोटं पट्टी जास्त सोड, भोकं त्या पट्टीत. भोकाभोवती मांजरपाटाची छोटी चकती डकवलीस की फाटणार नाही.

चिकटवायला बाजारचा डिंक नको, सेलोटेप तर मुळीच नको. ती दोन-चार वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. मैद्याची खळ कर: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायची. पुस्तकं बांधणारे त्यात मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. पण ते विष आहे. घरात लहान मूल आहे, तू ते घालू नको. थोडी थोडी खळ कर आणि त्याच दिवशी संपव.

विभाग पाडायच्या जाड पानांसाठी घरचाच कागद पुरेल. लेकीच्या जुन्या वह्यांची पानं फाडून रात्रभर भिजव, मिक्सरमधून काढ, घमेल्यात पाण्यात सोड, आणि डासांची जाळी ताणलेल्या चौकटीवर तो लगदा उचलून जुन्या सुती लुगड्यावर उलटा कर. वाळलेला कागद खरबरीत आणि जरा ठिसूळ होतो, म्हणून दोन पानं खळीनं एकावर एक चिकटव. लगद्यात हळद टाकली की पिवळा, बिटाचं पाणी टाकलं की गुलाबी, आणि नुसता ठेवला की करडा. हळद-बिटाचे रंग विटतात, म्हणून कडेला बाहेर येणाऱ्या जिभेवर रंगीत खणाची चिंधी डकव. रंगाचं मी मुद्दाम सांगते आहे. सासूबाईंना वाचता येत नाही. तू माहेरी आहेस, जावईबापू शेतावर आहेत, आणि ग्रामपंचायतीतून कोणी घराचा कागद बघायला आलं, तर ‘तांबड्या खणातलं काढा’ एवढं तू फोनवर सांगितलंस की त्यांच्या हाताला ते लागलं पाहिजे. हिरवा शेताचा: पहाणी, फेर, पीककर्ज. तांबडा घराचा: पंचायतीचा नमुना ९ आणि ११, वीजबिल. पिवळा माणसांच्या दाखल्यांचा. निळा दवाखान्याचा. लिहायचं ते मराठीत आणि कानडीत, दोन्हीत. लेक कानडी शाळेत जाते, तिच्याकडूनच लिहवून घे.

पहिलं पान मात्र नावांचं असू दे. सीमेवरच्या माणसाचं नाव कागदोकागदी बदलतं. मराठीतून उर्दूत, उर्दूतून कानडीत, कानडीतून इंग्रजीत जाताना एका माणसाची तीन माणसं होतात. मामंजींचं नाव पहाणीवर कसं आहे, आधारवर कसं, बँकेत कसं, हे एका तक्त्यात उतरव. वारसा लावताना अडेल ते इथंच अडेल, आणि आधी कळलं तर प्रतिज्ञापत्र करून ठेवता येतं. लेकीचा ३७१ (जे)चा, म्हणजे तुमच्या भागासाठीच्या राखीव जागांचा दाखला पुढे कॉलेजच्या प्रवेशाला लागेल, तेव्हाही हा तक्ता उपयोगी पडेल. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, आधार आणि मार्क्स मेमो त्यात जरूर ठेव. पण पणजोबांचं वाटणीपत्र तिथं नाही, आणि दवाखान्याची जुनी फाईलही नाही. दवाखान्याची आणि एटीएमची चकचकीत चिठ्ठी वर्षभरात कोरी होते, तिची झेरॉक्स लगेच काढायची.

फाईल ठेवायची उभी. आडवी टाकली की कडी वाकते. भिंतीतल्या कोनाड्यात नको. तुमच्याकडच्या जुन्या दगडी भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि वाळवी भिंतीतूनच येते. लाकडी कपाटात मधल्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेव. शेजारी वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून टाक. पेशवे दप्तरातली कागदं रुमालात बांधून टिकली, तशी तूही फाईलीवर धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल बांध. खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवशील तर आत घाम धरेल.

सगळं एकदम काढून बसू नको, घाबरून जाशील. मृग लागायच्या आत फक्त शेताची कागदं आणि नावांचं पान कर. ट्रंक उघडशील तेव्हा सासूबाईंना शेजारी बसव. कुठला कागद कधीचा, कोणत्या भांडणाचा, कोणत्या लग्नाचा, हे आता त्यांनाच ठाऊक आहे. त्या सांगतील ते पाकिटावर लिहीत जा, आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नको.

लेकीला गोड पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मावशी