काळ्या दगडावरची रेघ

मराठी माणसाला एखाद्या गोष्टीची शाश्वती द्यायची असली म्हणजे तो तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. आणि ज्या मुलखात डोंगर, किल्ले, लेणी, देवळे, विहिरींचे काठ आणि घरांची जोती ही सारीच काळ्या दगडाची, त्या मुलखाने स्थैर्याची उपमा दुसरीकडून कोठून आणावी? विद्यापीठात भूशास्त्राच्या वर्गात मी दाखल झालो तेव्हा ही उपमा माझ्या मनात इतकी मुरलेली होती की, पहिल्याच क्षेत्र-सहलीत आमच्या अध्यापकांनी नाणेघाटाच्या कड्याकडे बोट करून "हे सगळे एके काळी वाहत होते" असे सांगितले, तेव्हा त्यातील शास्त्र उमजण्याआधी मला त्यातील धक्का जाणवला.

ते वाक्य कसे खरे आहे, हे कड्यावरच वाचता येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून शिलारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले, पसरले आणि थिजले. त्यांनी व्यापलेला प्रदेश झिजून झिजून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरला आहे. लोटांवर लोट चढून झालेल्या पायऱ्या सह्याद्रीच्या कोणत्याही उघड्या कड्यावर मोजाव्यात. परंतु माझे मन रमले ते थरांत नव्हे, दोन थरांच्या सांध्यात. तेथे कोठे वीतभर, कोठे हातभर जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. विहिरी खणणारे लोक त्याला गेरू म्हणतात. नखाने उकरला तर त्याचा भुगा पडतो, आणि ओल्या बोटाने चोळला तर तळहातावर गंधासारखा उमटतो. एक लोट थिजल्यापासून दुसरा येईपर्यंत जो अवकाश गेला, त्यात पहिल्याच्या माथ्यावर ऊन तापले, पाऊस कोसळला, दगडाची माती झाली, आणि मग वरून आलेल्या नव्या शिलारसाने ती माती झाकून टाकली. म्हणजे काळा दगड पुरता रचून होण्याआधीच त्याचे मातीत जाणे सुरू झाले होते. हातोडी बाजूला ठेवून मी त्या पट्ट्याला कितीतरी वेळ हात लावून उभा होतो.

असले कालमान कानी पडले की आमच्या घरची वडीलधारी मंडळी कल्पाचा हिशोब मांडीत : ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी सांगतात, तेव्हा पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते. हा आनंद मला कधी पटला नाही. पंचांगाच्याच गणनेप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे उलटली आहेत, म्हणजे तुलनाच चुकीच्या रकमांची आहे. शिवाय एक आकडा खनिजांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून मोजलेला, दुसरा चिंतनातून आलेला, आणि एकाने दुसऱ्याची जामीनकी घेण्याचे कारण नाही. मला मोलाचा वाटतो तो संकल्प. कोणतेही धर्मकृत्य करण्यापूर्वी यजमान प्रथम कल्प, मन्वंतर आणि युग यांचा उच्चार करतो, मग द्वीप, देश आणि नदीचा तीर सांगतो, मग तिथी-वार, आणि सर्वांच्या शेवटी आपले गोत्र, आपले नाव आणि ते लहानसे कृत्य. अब्जावधी वर्षांच्या पसाऱ्यात एका पळी पाण्याला स्थान देणारी ही रीत ज्याने घालून दिली, त्याला महाकालाचे भय वाटत नसावे.

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात अशाच कृत्यांची नोंद आहे. सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा तो ब्राह्मी शिलालेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची गणना आणि दक्षिणेदाखल दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण यांचे तपशील आकड्यांनिशी कोरले आहेत. बाहेर दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकली जाई असे लोक सांगतात. आज लेखातील कित्येक अक्षरे पुसली आहेत. दोन सहस्रकांच्या पावसाळी वाऱ्यांनी आणि भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीने ती खाल्ली. मी भिंग लावून पाहिले तेव्हा एका अक्षराच्या कडेवर खवल्यासारखा पापुद्रा सुटून आला होता. काळ्या दगडावरची ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत दगडासकट जात होती.

मग ते यज्ञ कोठे गेले? मीमांसकांना हा प्रश्न पडलाच होता : यज्ञकर्म क्षणात संपते, फल मात्र कालांतराने मिळते, मधल्या काळात दोहोंना जोडते कोण? त्यांनी उत्तर दिले, अपूर्व. कर्म नष्ट झाले तरी त्यातून उत्पन्न झालेली एक अदृष्ट शक्ती उरते आणि फल देईपर्यंत टिकते. वर्गात तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचणाऱ्या मित्राकडून हे ऐकले तेव्हा मला ती केवळ तर्काची सोय वाटली होती. तिचा अर्थ मला एका विहिरीच्या काठावर कळला.

पदवीच्या शेवटच्या वर्षी पर्यावरणविषयक प्रबंधासाठी मी पर्जन्यछायेतील एका गावाच्या विहिरी मोजीत होतो. वजन बांधलेली फीत आत सोडायची, पाण्याचा 'टप्' असा आवाज ऐकायचा, काठापासूनचे अंतर नोंदवहीत लिहायचे. एवढेच काम, पण तेच उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पुन्हा. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या मुरमात, भोकाभोकांच्या मांजऱ्या दगडात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. शेवटची विहीर ज्यांची, ते वृद्ध गृहस्थ फीत वर येईपर्यंत काही बोलले नाहीत. मी म्हटले, "बाबा, पाऊस तर बरा झाला होता, तरी पाणी इतके खाली?" त्यावर ते म्हणाले, "पाणी आटलं न्हाई, बाळा. खाली गेलं." वरच्या अंगाला त्यांच्या धाकट्या भावाने दुष्काळानंतर बोअर मारली होती, ती खोल गेली, पाषाण भेदून खालच्या सांध्याला लागली, आणि वरच्या थरातले पाणी त्या छिद्रातून वर्षानुवर्षे निसटत राहिले. बोअर केव्हाच बंद पडली होती, भाऊही गेला होता. कर्म संपले, कर्ता संपला, फल मात्र आता विहिरीत उतरत होते.

हे अपूर्वच नव्हे काय? पण येथेच एक भेद आहे, आणि तो मला आजवर स्वस्थ बसू देत नाही. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्त मांडताना दोन दोष कटाक्षाने टाळले : कृतनाश, म्हणजे केलेल्याचे फल बुडणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचे फल भोगावे लागणे. या दोषांच्या परिहारासाठी त्यांनी पूर्वजन्म आणि पुनर्जन्म यांचा आधार घेतला. खडकाच्या दप्तरात मात्र कर्ता आणि भोक्ता यांची खाती वेगळी असतात, आणि अकृताभ्यागम हा तेथला अपवाद नसून नित्यक्रम आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरून कोसळले. त्या भूकंपाचा संबंध धरणामागे साठलेल्या जलाशयाशी आहे असे भूवैज्ञानिक मानतात. त्या पाण्यावरची वीज दूरच्या शहरांत आणि कारखान्यांत जळत होती, आणि घरे पडली ती खोऱ्यातल्यांची. त्यांच्या दुःखाला पूर्वसंचिताचे नाव देऊन मोकळे होणे मला धर्माची प्रतारणा वाटते. भूशास्त्र शिकलेल्या माणसाने तर ते कधीही करू नये, कारण ज्याला इतर लोक अदृष्ट म्हणतात त्यातला पुष्कळ भाग त्याला दिसत असतो : पाणी कोणत्या भेगेतून कोठे गेले, हे तो फीत आणि नकाशा घेऊन सांगू शकतो. दिसत असूनही जो ते सांगत नाही, त्याच्या माथी कोणते कर्म जमा होते, याचा विचार मीमांसकांनी केला नव्हता. तो आम्हांलाच करावा लागेल.

त्या दिवशी नोंदवहीचे पान भरीत मी काठावर बसलो होतो. वर तारीख, मग नदीचे खोरे, गावाचे नाव, गट नंबर, खडकाचा प्रकार, आणि शेवटी पाण्याची पातळी. लिहिता लिहिता ध्यानात आले की संकल्पाचा क्रम हाच आहे. जवळच्या विंधन विहिरींसाठी पानावर वेगळा रकाना होता : दिशा, अंतर, खोली, मालक. मी विचारू लागताच ते गृहस्थ पुढे वाकले. "बाकीचं समदं लिव्हा," ते म्हणाले, "पर त्याचं नाव नका घालू कागदावर. त्याला काय ठावं हुतं?" मी दिशा लिहिली, अंतर लिहिले, खोली त्यांनी आठवून सांगितली तीही लिहिली. मालकाचा रकाना कोरा ठेवला आणि फीत गुंडाळली.