पावलांची गणती

सज्जनहो, मोजणे वाईट आहे असे मी म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या हातात जपाची माळ असते. एकशेआठ मणी ओढले आणि मेरुमणी आला की आपण थांबतो, माळ उलटी फिरवितो. ही मोजणीच झाली. कोणी म्हणतो माझी ही बारावी वारी, कोणी म्हणते एकविसावी, हीही मोजणीच. परंतु मोजणारा कोण, तो मोजतो काय, आणि त्याच्या आकड्यापायी आपण हातचे काय सोडावयास निघालो आहोत, एवढे पाहावे लागते.

हे सुचण्याचे कारण सांगतो. गेल्या वारीत आमची दिंडी सासवडला होती. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येणे म्हणजे सुमारे तीस किलोमीटरची चाल. म्हणून माउलींचा सोहळा तेथे दोन रात्री विसावतो. विसाव्याच्या सकाळी दिंडीतील एक आजी आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालण्याची त्यांची सेवा बरीच वर्षांची. म्हणाल्या, "महाराज, उद्यापासून वृंदावन दुसरीकुणाकडे द्या."

मला वाटले मान धरली असेल. तर तसे काही नाही. म्हाताऱ्या माणसाची काळजी म्हणून थोरल्या मुलाने निघताना त्यांच्या मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधले होते. आकडा घरी मुलाच्या फोनवर दिसे. घाट चढल्याच्या रात्री मुलाचा फोन आला, "आई, सूनबाईच्या मावशीची पन्नास हजार पावलं झाली, तुझी सतराच हजार. घाट ट्रकमध्ये बसून चढलीस की काय?" तो हसत बोलला असेल. पण आजींना ते झोंबले. सामानाच्या ट्रकला त्यांनी कधी हात लावलेला नाही. दिंडीतल्याच एका पोराने त्यांना सांगितले, "आजी, हात हलला पाहिजे, तरच पावलं पडतात." आजींचा डावा हात दिवसभर वृंदावनाला, आणि घड्याळही डाव्याच हाताला. म्हणून वृंदावन सोडावयाचे!

मी म्हटले, आजी, आधी ह्या साक्षीदाराची साक्ष तपासू. माझी जपमाळ काढली. पावलागणिक एक मणी. माळेने पावले मोजली म्हणून कोणी मला बोल लावू नये. प्रत्येक मण्याला नाम होतेच. आजींनी वृंदावन डोक्यावर घेतले, हात लावला आणि आम्ही दोन माळा चाललो, म्हणजे २१६ पावले. घड्याळात वाढली ७४. मग वृंदावन खाली ठेवून, हात मोकळे सोडून तेवढेच चाललो. घड्याळात वाढली २११. नंतर आजी घोंगडीवर बसल्या आणि आम्ही टाळ्या वाजवीत एक अभंग म्हटला. बसल्या जागी आजी शेसव्वाशे पावले चालून आल्या! शेजारचा टाळकरी हे पाहून आपले घड्याळ काढू लागला. त्याचा आकडा दिंडीत सर्वांत मोठा असे, आणि रात्रीच्या जागरात तो आणखी वाढे.

आता हे असे का होते, ते समजून घ्यावे. उगीच यंत्राला शिव्या देऊ नयेत. त्या घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मनगट हलले की तो तीन दिशांनी किंचित सरकतो आणि त्यावरून वेगातला फरक कळतो. तो फरक ठरावीक तालात, ठरावीक जोराने येत राहिला की यंत्र म्हणते, हे पाऊल. म्हणजे पाऊल हे त्याचे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. धूर दिसला म्हणून अग्नी मानावा, तसे. ओल्या सरपणाचा धूर आणि सकाळचे धुके ह्यांत गल्लत व्हायचीच. हात वृंदावनाला, हातगाडीला किंवा वीणेला लागला की धूर दिसत नाही; टाळी वाजली की नसता दिसतो. वृद्ध माणूस सावकाश, पाय घासटत चालते; तो हलका धक्का पुष्कळदा मोजलाच जात नाही. अंतराचे तर आणखी एक पाऊल पुढे. उपग्रहाची मदत नसेल तेव्हा उंचीवरून पावलाची लांबी धरतात आणि तिने गुणतात. घाटातले पाऊल आणि सपाटीवरचे पाऊल एक असते काय?

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, डॉक्टरच रोज दहा हजार पावले चाला म्हणतात, मग न मोजता कसे चालेल? शंका रास्त आहे. पण ह्या दहा हजारांचे मूळ पाहा. १९६५ साली जपानात कमरेला लावावयाचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा प्रथम त्या नावामुळे लोकांच्या तोंडी बसला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ७२. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या सुमारास तो लाभ वाढावयाचा थांबला. तेथेही यंत्र कमरेला होते, मनगटाला नव्हे. तेव्हा ज्याला हृदयविकारासाठी किंवा साखरेसाठी चालावयास सांगितले आहे त्याने खुशाल मोजावे. एकच यंत्र, एकाच हाताला, आणि आपल्या कालच्या चालीशी आजची ताडून पाहावी. शेजाऱ्याशी नव्हे. मावशीशी तर नव्हेच.

आपण रोज हरिपाठ म्हणतो. त्याच्या पहिल्याच अभंगाच्या धृपदात पुण्य मोजण्याविषयी माउलींनी काय विचारले आहे, ते तुम्हांस पाठ आहे; मी सांगावयास नको. गंमत अशी की ते म्हणतानाच आपण टाळी वाजवितो आणि मनगटावरचा आकडा वाढत असतो.

आजींना मी एवढेच विचारले, "घाट कोणी चढला, तुम्ही की घड्याळानं?" त्या म्हणाल्या, "मीच चढले, महाराज. पण पोराला कसं पटवू?" खरी सल ही होती. पावलांचा हिशेब देवाला द्यावयाचा नव्हता, लेकाला द्यावयाचा होता. आणि लेकाचेही काही चुकले नव्हते. इतक्या लांबून आईची खुशाली कळावी म्हणूनच त्याने ते बांधले होते. मी त्याला फोन लावला आणि माळेची हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईला द्या." काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, उठून बाजूला गेलो.

दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेला वृंदावन आजींच्याच डोक्यावर होते. घड्याळ पिशवीत होते. रात्री लेकाचा फोन आला तेव्हा त्याने आकडा विचारला नाही. जेवलीस का, पाय दुखतात का, असे विचारले.