चारचौघांसारखं घर

हे मनन सावकाश वाचायचं आहे. परिच्छेद संपला की थोडं थांबा, मन पुढे धावलं तर त्याला परत बोलवा. आज सोबतीला एक इंग्रज वास्तुविशारद आहे, फिलिप वेब. १८३१ साली ऑक्सफर्डमध्ये एका डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला.

मनासमोर एक उतार आणा. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये, ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळ. उतारावर एक जुनं कौलारू शेतघर, जवळच धान्याचं कोठार. लंडनचे वकील जेम्स बील यांनी ही जमीन घेतली आहे. रेल्वे कंपनीच्या कामांतून चांगली मिळकत, सात मुलं, सुट्टीला यायला एक मोठं घर हवं. अशा वेळी जुनं शेतघर पाडून टाकणं सगळ्यांत सोपं. वेबने ते राखलं आणि नवं घर त्याच्या अंगाला आणून जोडलं. १८९१ ते १८९४ या काळात उभं राहिलेलं हे घर म्हणजे स्टँडन.

आता मनानेच त्याच्या भिंतीवरून हात फिरवा. आधी दगड लागेल, तिथल्याच जमिनीतून काढलेला. मग वीट. वरच्या मजल्यावर भिंतीलाच टांगलेली कौलं, कुठे लाकडी फळ्या, कुठे खरबरीत गिलावा. त्या मुलखातले गवंडी आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या जे वापरत आले, तेच सगळं. आत विजेचे दिवे मात्र पहिल्या दिवसापासून होते, आणि त्यांतले काही कसे असावेत हेही वेबनेच आखून दिलं होतं. हात फिरत राहू द्या. यात वास्तुविशारद कुठे दिसतो?

चटकन दिसत नाही. आपलं काम चारचौघांसारखं दिसेपर्यंत त्याला समाधान वाटत नसे. या एका गोष्टीपाशी जरा जास्त वेळ बसा. आपण केलेलं काम आपलं म्हणून ओळखू येऊ नये, यासाठी कष्ट घेणं. तुमच्या हातून असं काही झालं असेल तर ते आठवा. आठवलं नाही तरी हरकत नाही.

वेबचं नाव निघालं की लोक आधी ‘रेड हाउस’ सांगतात. तेव्हाच्या केंटमधलं ते लाल विटांचं घर त्याने १८५९ साली मित्रासाठी, विल्यम मॉरिससाठी आखलं. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीची सुरुवात तिथून मोजतात. घर देखणं आहे, पण मला त्यात तरुणपणाचा थोडा आव दिसतो. मॉरिसलाही ते पाचेक वर्षांत सोडावं लागलं. आपण पुढे जाऊ.

विल्टशरमधल्या ईस्ट नॉइल गावी चला. इथे विंडम या धनाढ्य कुटुंबासाठी वेबने ‘क्लाउड्स’ नावाचा प्रचंड वाडा बांधला. कुटुंब राहायला आलं १८८५च्या सुमारास, आणि १८८९ साली वाडा जळाला. मंडळी नोकरांच्या, आगीतून वाचलेल्या भागात राहायला गेली. तिथेही आपली काही गैरसोय होत नाही, बरं झालं आपला वास्तुविशारद समाजवादी निघाला, असं त्यांनी गमतीने म्हटल्याचं सांगतात. गंमत बाजूला ठेवा आणि त्या खोल्यांत क्षणभर उभे राहा. ज्या खोल्या पाहुण्यांना कधी दाखवायच्या नसतात, त्यांच्या खिडक्यांचा विचार कुणीतरी नीट केला होता.

मात्र या माणसाला विनम्र म्हणायची घाई नको. तो एकावेळी मोजकीच कामं घेई आणि मोऱ्या-नळांपासून कड्या-कोयंड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीचं रेखाटन स्वतः करी. कारागिराच्या हाताला मोकळीक हवी, असं त्याच्या मित्रांची चळवळ सांगत होती. पण प्रत्येक सांधा जर कागदावर आधीच ठरला असेल, तर सुताराने ठरवायचं काय? हा प्रश्न सोडवू नका, नुसता जवळ ठेवा. मला तो वेबच्या सगळ्या सुंदर घरांतून छळतो.

त्याच ईस्ट नॉइलमध्ये चर्चचा एक जुना मनोरा आहे. १८७७ साली मॉरिस आणि वेब यांनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्या काळी चर्चच्या भिंती खरवडून नव्यासारख्या केल्या जात. संस्थेचं म्हणणं होतं, फक्त डागडुजी करा. ईस्ट नॉइलचा मनोरा वेबला त्याच तत्त्वाने वाचवायचा होता. त्याच्या जाड भिंतींतला भराव कुजत चालला होता. मनोरा पाडायचा नाही, बाहेरचा दगड हलवायचा नाही. उपाय एकच: आतून थोडा थोडा सडका भाग काढायचा आणि तिथे भक्कम बांधकाम भरायचं, मगच पुढच्या भागाला हात लावायचा.

मनाने त्या भिंतीच्या आत शिरा. समोरचा दगड ठोकून पाहा: खणखणीत वाजतो की बद्द? वेब तेव्हा साठीत होता. जागेवर डेटमार ब्लो हा तरुण वास्तुविशारद गवंड्यांबरोबर काम करत होता. आतला कोणता दगड सडला आहे आणि कोणता अजून भार घेईल, हे कागदावर आधी आखता येत नव्हतं. ते परांचीवरच्या माणसाला, दगडाला हात लावून, तिथल्या तिथे ठरवावं लागत होतं.