मस्टर आधी, नारळ नंतर

खामगाव

बाळा,

नगरसेवक झालास, हारतुरे झाले. आता वस्तीत रस्त्याचा नारळ फोडण्याआधी मस्टर म्हणजे काय ते समजून घे. 1972 च्या दुष्काळात मी खडी केंद्रावर मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मजुरांची हजेरी लिहायचो. बायांच्या डोक्यावर घमेलं, पोरांच्या मुठीत सुकडी आणि सगळ्यांचे डोळे पगाराकडे. पगार वाटला की त्याच संध्याकाळी किराणावाल्याच्या वहीतली उधारी खोडली जायची. लांबला की वहीला नवं पान लागायचं.

पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा 1977 मध्ये कायदा झाला. त्यासाठी 1975 पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापतात. म्हणून आम्हा शहरवाल्यांना वाटतं, आपण खेड्याला दान करतो. दान कसलं बापा! खेड्यात काम निघालं की सकाळच्या एसटीने नाक्यावर उतरणारी मजुरांची गर्दी ओसरते आणि इथल्या हमालाला, बिगारी बाईला रोज चढवून मागता येतो. तिकडचं काम थांबलं की मुकादम म्हणतो, "परवडत असेल तर बस गाडीत."

तुझ्या कामाची गोष्ट आता सांगतो. राज्याच्या या हमीत खेड्यांबरोबर 'क' वर्ग नगरपरिषदाही आहेत आणि तुमची त्यातलीच. गावच्या पुढाऱ्यांना हे आठवत नाही की आठवायचं नाही, ते तूच ताड. वस्तीतल्या लोकांचे कामाचे अर्ज भरून घे आणि तारखेची पोच हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो, पण पोच नसेल तर पंधरा दिवस मोजणार कुठून?

जेसीबीवाला भेटायला येईलच. महामार्गांच्या माती-मुरुमासाठी आपल्या जिल्ह्यातले तलाव यंत्रांनी खोल केले, 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून नाव झालं. पाणी साठलं, नाकारत नाही. पण यंत्राला मस्टर लागत नाही आणि ते किराण्याची उधारीही फेडत नाही. गटार खोदाई, झाडांचे खड्डे, नाल्याचा गाळ, जे हातांनी होईल ते हातांनाच दे.

आणि बायांची नावं वेगळी लिहून घे, बँकेची खातीही त्यांचीच. खडी केंद्रावर मी कितीतरी बायांचा पगार नवऱ्याच्या हातात मोजून दिला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तुझा काका