एकांताचे दान

अकरा-बारा वर्षांच्या मुलाने 'कंटाळा आला' म्हटले की आपण अपराध्यासारखे गोंधळतो आणि त्याच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होतो. घर शांत होते. पण मुलाचा रिता वेळ भरून काढण्याचा हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

फ्रान्समध्ये १६२३ साली जन्मलेल्या ब्लेझ पास्कलची एक आठवण त्याच्या थोरल्या बहिणीने लिहून ठेवली आहे. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून वडिलांनी गणिताची पुस्तके त्याच्यापासून दूर ठेवली होती. बारा वर्षांचा ब्लेझ खेळाच्या वेळी एकटाच कोळशाने फरशीवर आकृत्या काढीत बसे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, या सिद्धांताशी तो झगडत असताना वडिलांनी त्याला पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांचे डोळे पाणावले. पुढे त्यांनीच त्याला युक्लिडचा ग्रंथ दिला.

प्रत्येक मूल पास्कल होणार नाही. तशी अपेक्षा करणेही अन्यायाचेच. कोणी शिंपले निवडील, कोणी बिघडलेले घड्याळ उघडील, कोणी कुणालाही न दाखवण्यासाठी रोजनिशी लिहील. त्यातून काही निष्पन्न झालेच पाहिजे, असेही नाही. मुलाला एकटे टाकणे आणि त्याला एकांत देणे यांत मोठे अंतर आहे. एकांत देणारा जवळच असतो, फक्त मध्ये येत नाही. ज्याला स्वतःच्या सहवासात रमता येत नाही, त्याला सदसद्विवेकाचा हळुवार आवाज कसा ऐकू यावा?

मात्र हे दान देण्यापूर्वी आपल्या हातातला मोबाईल आपण खाली ठेवला आहे ना, हे आधी पाहावे.