फलकावरचं ‘आपण’

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुण्यात आमच्या भागातल्या भाजीबाजाराच्या तोंडाशी एक टेबल टाकून आम्ही सातजण उभे राहिलो. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शिक्षिका, दंतवैद्य नवरा-बायको, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. टेबलावर जुन्या साड्यांच्या शिवून घेतलेल्या दोनशे पिशव्या होत्या, फुकट वाटायला. मागे फलक होता. सातजणांत भाषेचं काम करणारा मी एकटाच, म्हणून फलकाचा मजकूर माझ्याकडे आला होता. मी लिहिलं होतं : ‘आपण प्लास्टिकची पिशवी सोडूया. आपली पिशवी घरून आणूया.’

‘सोडा’, ‘आणा’ असं आज्ञार्थी लिहायचं मी मुद्दाम टाळलं होतं. लोकांना उपदेश नको असतो, म्हणून ‘आपण’. त्या शब्दावर मी खूश होतो. पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं, त्यानंतर तो शब्द वापरताना माझा हात थांबतो. हा लेख त्या थांबण्याबद्दल आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ अशीच जोडी आहे. हिंदीत मात्र एकच ‘हम’, बंगालीत एकच ‘आमरा’. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना प्रत्येक ‘हम’पाशी मला ठरवावं लागतं की समोरचा माणूस यात धरायचा की नाही. कधी कधी मूळ वाक्य ते सांगतच नाही. मग प्रसंग पाहायचा : कोण कोणाशी बोलतंय, कोणाच्या घरात, कोणाच्या जिवावर. वीस वर्षं हे काम करूनही स्वतःचा दोन ओळींचा फलक लिहिताना तो प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

त्या रविवारी लोकांनी आमचं कौतुक केलं. जुन्या पँटच्या पिशव्यांच्या, रॉकेलच्या रांगेच्या, वायरच्या पिशव्यांच्या आठवणी निघाल्या. वायरची पिशवी आमच्याही घरी होती, हिरवी-पांढरी. आईने ती पंधरा-वीस वर्षं वापरली असेल. ती प्लास्टिकचीच होती, हे मला तिथे उभं असताना लक्षात आलं. आज जिला आपण कॅरीबॅग म्हणतो, तिचा आराखडा स्वीडनमधल्या स्टेन गुस्ताफ थुलीन यांनी साठच्या दशकात केला. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं की ते स्वतः अशी पिशवी घडी घालून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. म्हणजे दोष वस्तूत जितका आहे, त्याहून अधिक तिच्याशी आपण ठेवलेल्या अर्ध्या तासाच्या नात्यात आहे. कापडाची पिशवीही या हिशेबातून सुटत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ सालच्या अभ्यासात असा निष्कर्ष होता की हवामानावरच्या परिणामापुरतं पाहिलं, तर एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आम्ही दोनशे पिशव्या तीन तासांत वाटल्या. त्यातल्या बऱ्याचशा कपाटांत गेल्या असाव्यात, कारण पुढच्या रविवारी तीच माणसं रिकाम्या हातांनी आली आणि आणखी एकेक मागू लागली.

बाजाराच्या कडेला फुटपाथवर एक मावशी पालेभाजी घेऊन बसत. मी त्यांच्याकडून बरीच वर्षं भाजी घेत होतो. त्यांच्या गोणपाटाखाली पातळ पिशव्यांचा गठ्ठा असे. दुसऱ्या रविवारी मी त्यांना म्हटलं, “मावशी, आता पिशव्या देऊ नका.” त्या म्हणाल्या, “दादा, मी काय हौसेनं देते व्हय? गिऱ्हाईक मागतं. नाही म्हणलं तर पलीकडच्याकडं जातं. तुम्ही त्यांना सांगा की.” मी त्यांना कायदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेथीवर पाणी शिंपडायला लागल्या.

आमच्या गटात एक प्रथा पडली होती. कोणी कापडी पिशवी घेऊन आलं की त्याचा फोटो काढायचा आणि परिसराच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकायचा. कॉलेजातल्या मुलांपैकी एकाने एकदा उलटा फोटो काढला : मावशी पातळ पिशवीत पालक भरताना. त्याने तो मला पाठवला. मी त्यावर ‘अजूनही?’ एवढा एक शब्द लिहिला आणि समूहावर टाकला. समूहात अडीचशे माणसं होती.

आठवड्याभरात मावशींना दंड झाला. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार. दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी कायद्यात चढण आहे. फोटोमुळे दंड झाला की बाजारात तपासणी व्हायचीच होती, हे मला कळायला मार्ग नाही. पण हे कळायला मार्ग नाही, याचा आधार घेण्याचीही मला लाज वाटली. मेथीची जुडी तेव्हा पंधरा रुपयांना होती. पाच हजार म्हणजे तीनशे तेहतीस जुड्या, त्याही त्यांना शेतातून फुकट मिळाल्या असत्या तर. जुडीमागे त्यांना किती सुटतात, हे इतक्या वर्षांत मी विचारलेलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काम चांगलं करताय तुम्ही. पैसे तेवढे मी भरले.”

आता यातला नैतिक प्रश्न नीट मांडून पाहतो. प्लास्टिकच्या बाबतीत पहिली शंका नेहमी ही असते की माझ्या एका पिशवीने काय होणार? डेरेक पारफिट यांच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ (१९८४) या पुस्तकात या शंकेचं फार चांगलं उत्तर आहे. ते एका भयंकर छळछावणीची कल्पना करायला सांगतात. हजार छळणारे, हजार बळी. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी थोडी वाढते की ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबून झाल्यावर वेदना असह्य झालेली असते. ‘मी तर कोणालाच जाणवेल असं काही केलं नाही,’ हे प्रत्येकाचं म्हणणं खरं, आणि तरी प्रत्येकजण दोषी. केवळ माझ्या कृतीचा परिणाम पाहायचा नाही, आम्ही सगळे मिळून काय करतो आहोत तेही पाहायचं. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी का तुंबलं याची जी अनेक कारणं पुढे आली, त्यांत गटारांत अडकलेल्या पिशव्यांचंही एक होतं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण लहानपणी बचतीसाठी शिकलो. तळं असंही साचतं.

हा युक्तिवाद मला आजही पटतो. पण त्यात सगळी बटणं एकसारखी आहेत आणि बटण दाबणारे सगळे मोकळे आहेत. भाजीबाजारात तसं नाही. मी पिशवी नाकारली तर मला थोडी गैरसोय होते. मावशींनी नाकारली तर गिऱ्हाईक जातं. कायद्याने पिशवी देणारा आणि घेणारा दोघंही दोषी असले तरी बसलेला माणूस सापडतो, चालणारा निघून जातो. पाच हजारांचा आकडा हातगाडीलाही तोच आणि वातानुकूलित दुकानालाही तोच. मावशींच्या समोरच्याच दुकानात वेफर्सच्या आणि शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. अनेक थर चिकटवून केलेलं ते वेष्टण, भंगारात ज्याला कोणी विचारत नाही, कायद्याने चालत होतं. आमच्या घरचा कचरा नेणारी, ‘स्वच्छ’ संस्थेची ताई दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढते, कारण त्यांचे पैसे येतात. पुड्या आणि पातळ पिशव्या ती तशाच ढकलते. कोणतं प्लास्टिक किती वाईट, हे तिला आमच्या पत्रकाहून अधिक बारकाईने ठाऊक होतं. तिलाही आम्ही कधी विचारलं नव्हतं. आमचं टेबल पुड्या बनवणाऱ्या कारखान्याच्या दाराशी नव्हतं. जिथे उभं राहणं सोपं होतं, तिथे ते होतं.

आणखी एक गोष्ट घरातली. त्या काळात मी कापडी पिशवीशिवाय बाहेर पडत नसे आणि लोक त्याचं कौतुक करत. पिशवी धुवून, वाळवून, घडी करून दारामागच्या खिळ्याला लावायची आठवण बायको ठेवत होती. तिने एकदा हसत विचारलं, “तुमच्या मोहिमेत माझं नाव आहे का रे?” प्लास्टिकची पिशवी मुख्यतः विसरण्याची मुभा देते : ठरवल्याशिवाय, रिकाम्या हाताने घराबाहेर पडण्याची. ती मुभा काढून घेतली की आठवण ठेवण्याचं काम कोणाच्या तरी अंगावर पडतं. कोणाच्या, ते फलकावर लिहिलेलं नसतं.

‘आपण’ला मराठीत आणखी एक अर्थ आहे. तो आदरार्थी ‘तुम्ही’ही असतो : ‘आपण बसा’, ‘आपण सांगा’. माझा फलक व्याकरणाने ‘आपण सगळे’ म्हणत होता, पण बाजारात त्याचा अर्थ ‘तुम्ही’ असाच होत होता. आणि ‘अजूनही?’ लिहून मी समूहावर फोटो टाकला तेव्हा त्यातलं ‘आम्ही’ अडीचशे जणांचं झालं, मावशींना वगळून.

दंडाचे पैसे आम्ही भरून द्यावेत का, यावर आम्हा सातजणांत मोठा वाद झाला. बँकेतले काका म्हणाले की बंदी आहे हे ठाऊक असून पिशव्या दिल्या, दंड योग्यच आहे. आपण तो भरला तर कायदा मोडणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं होईल. त्यांचं म्हणणं मी खोडू शकलो नाही. मी एवढंच म्हणालो की फोटोचा दंड कोणी भरायचा, तो तर आपण केला. शेवटी काकांनीही पैसे काढले. पाच हजार गोळा करून मी आणि शिक्षिका मावशींकडे गेलो.

त्यांनी नोटा मोजल्या. दोन हजार पाचशे ठेवून घेतले आणि बाकीचे परत दिले. “पिशव्या मीच देत होते की,” त्या म्हणाल्या. “अर्धे माझे.” मग म्हणाल्या की आम्हाला खरंच मदत करायची असेल तर दोन कामं करा. एक, रांगेतल्या सगळ्यांकडून एकाच दिवसापासून पिशवी बंद करवा, म्हणजे कोणाचंच गिऱ्हाईक पलीकडं जाणार नाही. दुसरं, ‘नाही’ तुम्ही म्हणा. “आम्ही म्हणलं की गिऱ्हाईक तुटतं. तुमचं काय तुटणार हाय?”

पारफिट यांच्या युक्तिवादात जे सुटलं होतं, ते एवढंच होतं. नकाराचं मोल सगळ्यांना सारखं नसतं. ज्याला तो स्वस्त पडतो, त्याने तो दुसऱ्याच्या वतीने उचलायचा.

आम्ही तसं केलं. रांगेतले अकराजण तयार झाले. टेबल बाजाराच्या तोंडापासून उचलून रांगेच्या मध्ये आणलं. फुकट वाटप बंद केलं. दहा रुपये ठेव घेऊन पिशवी द्यायची, परत आणली की दहा रुपये परत. पिशवी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ आम्ही म्हणत होतो आणि शिव्याही आम्हीच खात होतो. ते पुढचे सहा-सात महिने नीट चाललं. मग मुलांच्या परीक्षा आल्या, दंतवैद्य दुसऱ्या भागात राहायला गेले, रविवार गळू लागले. १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पातळ पिशव्या आजही त्या बाजारात दिसतात, पूर्वीपेक्षा कमी, गोणपाटाच्या जरा अधिक खाली.

मोहीम फसली की नाही, याचं उत्तर मला देता येत नाही. पण कोणी पर्यावरणाच्या गोष्टीत ‘आपण’ म्हणू लागलं, की मी आता प्रसंग पाहतो, जसा अनुवाद करताना पाहतो. या ‘आपण’मध्ये कोण आहे, आणि खर्च कोणाचा? या परीक्षेत माझा फलक नापास झाला होता. अडीच हजार रुपये परत करताना मावशी ती उत्तीर्ण झाल्या, एकदाही ‘आपण’ न म्हणता.

दारामागच्या खिळ्याला आता माझीही एक वेगळी पिशवी असते. ती मीच धुतो. तरी कधी विसरतो. मग मेथीची जुडी तशीच हातात धरून घरी येतो. जिन्यात माती सांडते, ती झाडतो.